वेबसाइटवालीला सांग

२२ जानेवारी २०१८, सोमवार

आज दुकानाची वेबसाइट सुरू झाली, आणि ह्यांनी ती डोळे भरून पाहिलीसुद्धा नाही!

सकाळीच कमलचा इंदूरहून फोन — "आई, लिंक भेजी है, खोल ना लवकर!" मी तवा सोडून मोबाइल घेतला. एक पोळी करपली, करपू दे. उघडलं तर काय — आमचं दुकान! 'वामन वस्त्र भांडार, गांधी चौक, बुऱ्हाणपूर.' वर एक उंच, काटकुळी पोरगी साडी नेसून उभी. केस मोकळे, कमरेवर हात. ही आमच्या दुकानात कधी आली बाई? तिच्याखाली एका पिशवीचं चित्र. पिशवीत साडी टाकायची, पैसे भरायचे, झालं. साडी घरपोच! ऑफिसचं काम सांभाळून पोरीने एवढं केलं. मला तर टाळ्याच पिटाव्याशा वाटल्या.

जेवताना ह्यांच्यापुढे मोबाइल धरला. "कमलने केलंय," म्हटलं. हे भातावर वरण घेत राहिले. एक ओझरती नजर टाकली. मग म्हणाले, "त्या वेबसाइटवालीला सांग, बस्ता पिशवीत मावत नाही."

वेबसाइटवाली! अहो, पोटची पोर आहे ती!

पण दोन वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी निरोप दिला. मला हसूही आलं, रडूही आलं. हात न पुसताच तिला फोन केला.

२३ जानेवारी

कालचंच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहून काढते.

कमलने इंदूरच्या कचेरीत जाऊन लीलाधरशी लग्न केलं. दापोऱ्याचा मुलगा, घरची केळी, नोकरी तिच्याच कंपनीत. जात वेगळी. मला वाटलं, जातीवरून हे घर डोक्यावर घेतील. घेतलंही. पण तो राग उतरला. जो उतरला नाही तो वेगळाच — बस्त्याचा! "अर्ध्या जिल्ह्याचे बस्ते मी बांधले, उषा. आणि माझी पोरगी लग्नाला सलवार-कमीज घालून उभी राहिली!" एकदाच बोलले, तेही भिंतीकडे तोंड करून.

तसं पाहिलं तर ह्यांचं सगळं आयुष्यच बस्त्यात गेलं. लग्नाअगोदर दोन्हीकडची माणसं दुकानात यायची, दिवसभर बसायची, नवरीच्या शालूपासून आत्या-मामीच्या आहेराच्या साड्यांपर्यंत सगळं एकदम घ्यायची. रुसायची, भांडायची, चहा प्यायची, शेवटी गठ्ठा बांधून हसत जायची. हे गादीवर, मी मागे स्टुलावर साड्यांच्या घड्या घालत. असा सगळा संसार झाला. आणि घरचाच एक गठ्ठा बांधायचा राहून गेला.

मला काही मोठं नको. यंदाच्या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, पोर माहेरी यावी, बस. आखाजीला आळीतल्या सगळ्यांच्या लेकी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आमच्या मागच्या अंगणातला झोका दोन आखाज्या नुसता वाऱ्याने हलला. तिसरी अशी जायला नको.

३१ जानेवारी

पिशवी रिकामी. एक साडी विकली नाही. कमल रोज विचारते, मी रोज "येतील गं" म्हणते.

४ फेब्रुवारी, रविवार

आज मालूबाई आल्या होत्या. लीलाधरची आई — म्हणजे माझी विहीणच. ह्यांनी मानली नाही तरी मी मानते. बाजाराला दापोऱ्याहून आल्या की मागच्या जिन्याने वर येतात, दोन गोष्टी बोलतो आम्ही. म्हटलं चला, आज मालूबाईंच्याच हातात वेबसाइट देऊन पाहू.

"व माय! इहीनबाई, हे पोरगी हाये का बाहुली? हिचा पदर त मागं गेला! मले पदर पाहू दे ना."

पदर काही दिसेना. मग त्यांनी चक्क मोबाइल उलटा केला आणि मागून निरखून पाहिला. "उलटी बाजू बी नाही दिसत व याची!" — आणि खो खो हसत सुटल्या. मीही हसून हसून खाली बसले.

पुढे पिशवीपर्यंत पोचलो तर नाव विचारलं, पत्ता विचारला, ईमेल विचारलं. तिथे गाडं अडलं. मालूबाईंनी मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. "आन एकटीनं साडी कोन घेते व? हे घेऊ नको, ते घे, असं सांगायले बाजूले कोनी नको?"

खरंच की! आमच्या दुकानात एकटी बाई कधी आलीय? मलाही हे सुचलं नव्हतं.

खाली उतरताना जिन्याशी ह्यांची आणि त्यांची नजरानजर झाली. ह्यांनी लगेच एक थान उलगडायला घेतलं. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळी तोंड फुगणार. पण त्याआधीच हॉटेलवाल्याचा माणूस चहा घेऊन दाराशी — "वामनशेठने भेजा है." आणि चहाबरोबर मावा जलेबी! साध्या गिऱ्हाइकाला हे कधी जलेबी मागवत नाहीत. मालूबाई पुन्हा टेकल्या. जलेबी सावकाश खाल्ली, बोटंसुद्धा चाटली, आणि मगच गेल्या.

५ फेब्रुवारी

कमलला सगळं सांगितलं. आधी चिडली. "आई, सगळ्या साइट्स ऐसीच होती हैं! तुम लोग भी ना!" मग मालूबाईंनी मोबाइल उलटा केला ते आठवून हसायला लागली. "थांब. पप्पांना विचार ना — गिऱ्हाईक आलं की ते पहिले काय करतात?"

जेवताना विचारलं. हे घास हातात धरून थांबले.

"पहिले पाणी. मग गाव कोणतं, लग्न कोणाचं, किती माणसं. म्हाताऱ्या माणसाला खुर्ची. साडीचं नावच नाही काढायचं इतक्यात. ही पोरं दार उघडताच सौदा करायला निघाली! सांग त्या वेबसाइटवालीला."

सांगितलं. "लिहून घेतलं," म्हणाली. आवाज जरा ओला वाटला मला.

११ फेब्रुवारी, रविवार

आज फोटो काढले! ती काटकुळी पोरगी जाणार, आता आमची गादी दिसणार. पदर, काठ, उलटी बाजू — सगळं उलगडून दाखवायचं असं कमलचं फर्मान.

हे आधी नको नको म्हणाले. पण साडी उलगडायची म्हटल्यावर ह्यांना राहवतंय कुठे? घडी हातात घेतली, मनगटाला एक झटका दिला, आणि साडी सरळ गादीच्या टोकापर्यंत पसरली. मला अजूनही पाहत राहावंसं वाटतं. मी फोटो काढत सुटले. प्रत्येक फोटोत ह्यांचा हात, लाल खड्याची अंगठी. दुपारून ह्यांचा खांदा दुखायला लागला तेव्हा म्हटलं, द्या इकडे. मीही फेकली एक. गादीवरून नाही हं, खाली उभी राहून. गादी ह्यांची. पण साडी नीट पसरली!

"बरी फेकलीस," म्हणाले. ह्यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे काय ते मलाच माहीत. दिवसभर गुणगुणत होते मी.

कमलला फोटो पाठवले. म्हटलं, हात येतोय बाई सगळ्यांत, पुन्हा काढू का?

"हात राहू दे, आई."

१२ फेब्रुवारी

"वेबसाइटवालीला सांग, मोरपंखी रंग निळा दिसतोय. गिऱ्हाईक आपल्याला शिव्या देईल."

पुन्हा सगळ्या साड्या दाराशी उजेडात! माझी कंबर गेली. पण हे स्वतःहून उठून फोटो पाहतात आता. चष्मा लावून!

१८ फेब्रुवारी

बापलेकीचं भांडण जोरात. माझ्यामार्फत! मी म्हणजे टेलिफोनची तार झालेय.

कमलने साड्यांचे कप्पे केले होते — कॉटन, सिल्क, जॉर्जेट. हे म्हणाले, "असं कोण विचारतं? लोक विचारतात, मामीला काय दाखवता? विहिणीला काय दाखवता?" आणि ते खरंच आहे. दुकानातली कपाटंही तशीच आहेत ह्यांची. नवरीचं कपाट, विहिणीचं, मामीचं, आत्याचं. आणि खाली, दाराजवळची फळी — 'दूरचे पाहुणे'. कोणावर नाव लिहिलेलं नाही, ह्यांच्या डोक्यात आहे सगळं.

मी हे तसंच्या तसं सांगितलं. कमल ओरडलीच — "पप्पा जीनियस हैं!" फोन स्पीकरवर होता. ह्यांनी ऐकलं. आणि दुसऱ्यांदा भाजी घेतली. कारल्याची!

२३ फेब्रुवारी

नवी वेबसाइट! आता कशी आमची वाटते. वर ह्यांचा हात, अंगठी आणि पसरलेला केशरी शालू. खाली नात्यांचे कप्पे. पिशवी गेली, ईमेल गेलं. त्याजागी एकच मोठं हिरवं बटण — 'दाबा आणि बोला. बस्त्याचा दिवस धरा.' दाबलं की व्हॉट्सअॅप उघडतं, बोललेलं माझ्या मोबाइलवर येतं. मी ऐकायचं आणि दिवस कळवायचा.

मालूबाईंना पाठवली. त्यांचाच पहिला निरोप आला — "हा त वामनशेटचा हात! मी वळखला!"

२५ फेब्रुवारी

पहिलं खरं गिऱ्हाईक! शाहपूरचे एक गृहस्थ. बटण दाबून काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते — "हॅलो! हॅलो! कोनी हाये का? ... हॅलो? ... उचलत नाही व कोनी!" बस, संपला निरोप.

लोकांना वाटतं फोनच लागला. कानाला लावून वाट पाहतात बिचारे! दुसऱ्या निरोपात नुसती कुकरची शिट्टी आणि मागे "तू बोल — नाही, तू बोल!" कमलला ऐकवलं तर ती खुर्चीवरून पडायची राहिली. लगेच बटणाखाली एक ओळ टाकली — 'गाव सांगा. लग्न कोणाचं ते सांगा. किती माणसं, खुर्ची किती जणांना लागेल ते सांगा. आम्ही ऐकून उलट फोन करतो.'

खुर्ची मी सुचवली. आमच्याकडे गुडघे सगळ्यांचेच गेलेत.

शाहपूरकरांना मी उलट फोन लावला. पुतण्याचं लग्न आहे म्हणाले. लगेच परवाचा दिवस धरला!

११ मार्च, रविवार

लिहायला फुरसत नाही! आज असीरगडकडचा बस्ता, काल दापोऱ्याचा. आल्या आल्या बायका म्हणतात, "तो मोबाइलमधला केशरी काढा." घरूनच निम्मं भांडून येतात, त्यामुळे इथे वेळ वाचतो. हे गादीवर नुसते खुलले आहेत! आवाज गल्लीपर्यंत जातोय.

आणि ह्यांनी मोठा मोबाइल घेतला! बँकेचे मेसेज नीट दिसत नाहीत म्हणे जुन्यावर. बरं बाई, बँक तर बँक.

२० मार्च, मंगळवार

आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

दुकान भरलेलं होतं. बाहेरगावची माणसं बस्त्याला बसलेली. तेवढ्यात शाहपूरच्या मनकर्णाबाई आत आल्या, हातात हिरवी साडी. त्या पहिल्या बस्त्याचं लग्न मागच्याच आठवड्यात झालं — ह्या त्या नवरदेवाच्या सख्ख्या आत्या. साडी गादीवर टाकली.

"वामनशेठ! मी पोराची सख्खी आत्या हाये! मह्या भावानं मले हे साडी नेसवली. आन नातीनं मोबाइलमधे दाखवलं — महीच साडी, 'दूरचे पाहुणे' मधे! मी दूरची झाली का? भावाच्या घरचं पानी बंद केलं मी!"

आणि बसलेल्या सगळ्या बायकांनी एका दमात आपापले मोबाइल काढले! आपली साडी कोणत्या कप्प्यात ते पाहायला! एका मामीचा चेहरा पाहता पाहता पडला. आता इथेच दुसरं भांडण पेटणार.

आमच्या लक्षातच आलं नव्हतं. घेणारा वेबसाइट पाहतो, तशी जिला साडी मिळते तीही पाहते! दुकानात फळीचं नाव ह्यांच्या डोक्यात राहतं. ते आम्ही जगासमोर टांगून ठेवलं.

हे गादीवरून उठले. गिऱ्हाइकासाठी गादीवरून उठलेले मी ह्यांना कधी पाहिले नाहीत. हात जोडले.

"मनकर्णाबाई, चूक माझी. फळ्या माझ्या, नावं माझी. पोरीने मी सांगितलं तेच मांडलं."

पोरीने! वेबसाइटवालीने नाही — पोरीने!

मग ती साडी उचलली, घडी मोडली, पदर पसरला. "आणि तुमच्या भावाने ही दूरची म्हणून मागितली नव्हती. मी त्याला आत्याच्या कपाटातल्या साड्या दाखवत होतो. त्याने सगळ्या बाजूला सारल्या, स्वतः वाकून खालून ही काढली. म्हणाला, मह्या बहिणीले हिरवा आवडते, हाच द्या. विचारा उषाला."

अगदी खरं होतं. घडी मीच घातली होती. मी मान हलवली.

मनकर्णाबाई पदराकडे पाहत राहिल्या. "हो ना," म्हणाल्या हळूच. "जत्रेतून बांगड्या बी हिरव्याच आनायचा तो." मग खुर्ची मागितली. पाणी प्यायल्या. आणि आमच्याच दुकानात बसून भावाला फोन लावला — आधी चांगल्या शिव्या दिल्या, मग रडल्या. बसलेल्या बायकाही डोळे पुसायला लागल्या. साडी घेऊनच गेल्या त्या.

संध्याकाळी कमलला सांगितलं तर ती हमसून रडायला लागली. "माझ्यामुळे पप्पांना हात जोडावे लागले." हे पलीकडच्या खोलीत होते. तिथून मोठ्याने म्हणाले, "तिला सांग, कप्पे काढून टाक. सगळ्या साड्या एका ठिकाणी ठेव. कोण जवळचं, कोण दूरचं, ते घरचे बसून ठरवतील. आणि रडायचं नाही म्हणावं."

मी फोन कानाला लावला. "ऐकलं मी," कमल म्हणाली.

२१ मार्च

सगळे कप्पे गेले. आता एकच पान, एकच नाव — 'मानाची साडी'. पोरीचं काम पक्कं!

५ एप्रिल

आज शेवटी विचारूनच टाकलं. आखाजी दोन आठवड्यांवर आली. आळीत झोक्यांचे दोर बदलणं चाललंय. म्हटलं, "कमलला बोलावू का? दोघांना?"

हे पान लावत होते. लावलं, खाल्लं, आणि काही न बोलता खाली दुकानात निघून गेले!

मी चिडले. अश्शी चिडले! साऱ्या जगाच्या आत्या-मामींची समजूत घालता येते ह्यांना. घरात मात्र जीभ टाळ्याला चिकटते. तिथे 'पोरीने' म्हणालात ना? मग फोन उचलून दोन शब्द बोलायला काय होतं? आज आमटीत मीठ जास्त झालं. मुद्दाम नाही — पण दुःखही नाही झालं मला.

८ एप्रिल

अबोला. माझा. कमललाही काही सांगितलं नाही. ती विचारत नाही, मला तेच जास्त लागतं.

११ एप्रिल, बुधवार

सकाळी गॅलरीत बसून निरोप ऐकत होते. एक शाहपूरचा, एक असीरगडचा. मग नुसतं घसा खाकरणं. हे खाकरणं मी जन्मभर ऐकलंय!

"गाव बुऱ्हाणपूर, गांधी चौक. लग्न... लग्न झालेलं आहे. बस्ता राहिलाय. नवरी कमल. नवरा लीलाधर, दापोरा. माणसं त्यांच्याकडची येतील तेवढी, मालूबाईंना पुढे बसवायचं. दिवस आखाजीच्या आदल्या दिवशीचा, म्हणजे पोर सणाला इथेच राहील. खुर्ची एक, मला. मी त्या दिवशी गिऱ्हाईक, नवरीचा बाप. साड्या दाखवायला गादीवर उषा बसेल."

डोळे पुसून गॅलरीतून खाली वाकले. हे दुकानाच्या पायरीवर उभे. नवा मोबाइल कानाला घट्ट धरलेला, आणि — "हॅलो? ... हॅलो?"